उजव्या विंगेतल्या खुणा

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकशी संबंध असलेल्या कलावंतांचं प्रदर्शन भरवायचं आमच्या गावातल्या लायब्ररीने ठरवलं, तेव्हा पहिला प्रश्न आला तो संबंध कशाला म्हणायचा हा. लायब्ररीच्या फॉर्मवर त्याचं उत्तर छापलेलं होतं: इथे जन्म, इथे शाळा, किंवा इथे किमान पाच वर्षं राहणं. त्यामुळे यादीत टीव्हीवरचा एक विनोदी नट आला, ज्याने दोन वर्षांचा असताना आईच्या कडेवरून हे गाव सोडलं होतं. एक ड्रमर आला, जो इथल्या शाळेत तीन वर्षं होता आणि मुलाखतीत गावाचं नाव निघालं की नुसता हसतो. बिझनेस पार्कजवळच्या राउंडअबाउटवर स्टीलचं वेटोळं उभारणाऱ्या एक शिल्पकार बाई आल्या. अशी सतरा नावं झाली. अठरावं आमच्या मराठी मंडळाने दिलं. इथे चौदा वर्षं राहणारे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक नट. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो.

फॉर्म मी भरला. मंडळात असली कामं माझ्याकडे येतात. मी विमा कंपनीत पेन्शनचे आकडे तपासतो आणि घरीही तसाच वागतो, असं माझी बायको म्हणते.

काकांनी तीस वर्षं महाराष्ट्रात गावोगाव फिरून व्यावसायिक नाटकांत कामं केली होती. नायकाची कधीच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरची. त्यांचं गाजलेलं काम एका फार्समधल्या बहिऱ्या मामाचं. ‘प्रयोगांची संख्या’ या रकान्याशी मी थांबलो.

“अकराशेच्या वर,” काका म्हणाले.

“काही पुरावा?”

“पुरावा? अरे, सोलापूरला लोक खुर्च्यांवरून पडायचे हसून. त्यांना विचार जाऊन.”

मी ‘शेकडो’ असं लिहिलं. काकांनी ते वाचलं आणि त्या दिवसापासून मला ऑडिटर म्हणायला लागले.

बायको गेल्यावर काका मुलीकडे राहायला आले होते. तेव्हा आई-वडिलांना इकडे आणण्याचे नियम आजच्याइतके कडक नव्हते. मुलगी बिझनेस पार्कमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिची मुलं युनिव्हर्सिटीत, नवरा आठवड्यातले चार दिवस कामासाठी बाहेरगावी. मंडळातल्या एकाने बाप-लेकीचं दीड तासाचं दोन पात्री नाटक लिहिलं आणि ते खऱ्याच बाप-लेकीने करायचं ठरलं. मी प्रॉम्प्टर. मला अभिनय येत नाही, गाता येत नाही, पण दीड तास एका जागी गप्प बसता येतं.

पहिल्या तालमीला काकांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. “शब्द अडला तर पहिला शब्द दे. पहिलाच. पुढचं वाक्य दिलंस तर ते काम तुझं झालं, माझं नाही.” आणि दुसरी, “बसायचं उजव्या विंगेत. डावीकडे बसलास तर मी काम करणार नाही.” नाटकवाल्यांच्या अशा श्रद्धा असतात हे मी ऐकून होतो. कारण विचारलं नाही.

मी माझ्या मनाने एक पद्धत सुरू केली. जिथे शब्द द्यावा लागला तिथे संहितेत पेन्सिलीने खूण करायची. काकांसाठी उभी रेघ, मुलीसाठी छोटा गोल. कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आमच्या गावातल्या पहिल्या प्रयोगाला काकांच्या सहा रेघा झाल्या. वॉटफर्डला चौदा. क्रॉयडनला एकतीस.

क्रॉयडनहून परतताना मुलगी सेट घेऊन व्हॅनमध्ये होती आणि काका माझ्या शेजारी, गाडीत. मोटरवेवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. काका मजेत होते. हॉलमधला चहा, पहिल्या रांगेतले जांभया देणारे गृहस्थ, सगळ्यांची नक्कल करून झाली. मग म्हणाले, “किती झाले आज?”

“एकतीस.”

ते समोरच्या लॉरीकडे बघत म्हणाले, “लेकीला सांगू नकोस.”

“मी आपणहून नाही सांगणार.”

“आणि तिने विचारलं तर?”

मी गिअर टाकला आणि गाडी हातभर पुढे घेतली.

“ऑडिटर लेकाचा,” काका म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

तिने तिसऱ्याच दिवशी विचारलं. ऑफिसमधून निघून थेट आमच्याकडे आली, कोट न काढताच किचनमध्ये बसली. “मी माझं वाक्य टाकते आणि बाबा नुसते बघत राहतात माझ्याकडे. ब्लँक. तू आतून शब्द देतोस तेव्हा सुरू होतात. किती वेळा झालं? खरं सांग.”

मी सांगितलं. सहा, चौदा, एकतीस.

“म्हणजे दर वेळी डबल होतंय.”

“डबलपेक्षा थोडं जास्त,” मी म्हणालो. “दोन्ही वेळा.”

हे वाक्य बोलायची काहीएक गरज नव्हती. बायकोने माझ्याकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं. पण आकडा चुकीचा बोलला गेला की तो दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही, आणि तेव्हाही राहवलं नाही.

पुढचं सगळं पंधरा दिवसांत झालं. मुलगी काकांना जीपीकडे, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, घेऊन गेली आणि जीपीने मेमरी क्लिनिकला चिठ्ठी दिली. तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली. तोवर काही होऊ नये म्हणून तिने पुढच्या दाराला सेन्सर बसवला. दार उघडलं की तिच्या फोनवर घंटा. गॅसची शेगडी बंद करून मायक्रोवेव्ह ठेवला. काकांचा बसचा पास स्वतःच्या पर्समध्ये टाकला. काका रोज सकाळी बसने गावात जायचे, लायब्ररीत वर्तमानपत्रं चाळायचे, बाजारातल्या एका भाजीवाल्याशी मोडक्या इंग्रजीत हुज्जत घालायचे. ते थांबलं. प्रदर्शनात हयात कलावंतांनी प्रत्येकी चाळीस मिनिटांचा कार्यक्रम करायचा होता. काका आणि मुलगी नाटकातला एक भाग करणार होते. तेही रद्द करायचं तिने ठरवलं. “सगळ्या गावासमोर ते असे उभे राहिलेले मला बघवणार नाही,” असं म्हणाली. लायब्ररीतल्या बाईंना मी कळवायचं होतं. मी त्यांच्याकडून दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली. का मागितली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मंगळवारी आणि गुरुवारी मी घरून काम करतो. त्या दोन दिवशी लॅपटॉप घेऊन काकांसोबत बसशील का, असं मुलीने विचारलं. एकतीस हा आकडा माझाच, तेव्हा नाही म्हणायला तोंड नव्हतं. पहिल्या मंगळवारी नऊ वाजता मी दार उघडलं, सेन्सर वाजला, तिला मेसेज केला की मीच आहे. काका सोफ्याच्या डाव्या टोकाला, त्यांच्या नेहमीच्या जागी बसले होते.

“या जेलर. डबा आणलाय का कैद्याचा?”

“तुमच्याच फ्रीजमध्ये आहे.”

“मायक्रोवेव्ह चालवायची परवानगी आहे मला. बटणं दाबायची. विमान चालवल्यासारखं वाटतं.”

मी म्हणालो, काका, मला वाईट वाटतं. ते म्हणाले, “तिने विचारलं, तू सांगितलंस. तू दुसरं काही करूच शकला नसतास. मी तुझ्या जागी असतो तर खोटं बोललो असतो, आणि ते तिला लगेच कळलं असतं.”

चार दिवस असे गेले. मंगळवार, गुरुवार, मंगळवार, गुरुवार. बाहेर पाऊस, आत हीटिंग, दोन माणसं आणि एक बंद दार. मी आकडे तपासत बसायचो, काका खिडकीतून समोरच्या घराच्या ड्राइव्हवेकडे बघत बसायचे. कधी जेवणानंतर मी त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणायचो. फिरवून आणायचो, हाच शब्द मी मुलीला मेसेजमध्ये लिहायचो. ते शेजारून चालत असायचे आणि त्यांना नेण्या-आणण्याचा मेसेज मी टाइप करत असायचो.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. ते काही विसरत नव्हते. समोरची डिलिव्हरी व्हॅन आठवड्यात कितीदा आली ते त्यांना माहीत होतं. माझ्या मुलीच्या परीक्षेची तारीख माहीत होती. चौथ्या दिवशी मी गंमत म्हणून त्यांना नाटकातलं शेवटचं स्वगत म्हणायला सांगितलं. संहितेची दोन पानं. ते खिडकीपाशी उभे राहिले आणि सगळं म्हणाले. मी संहिता उघडून बघत होतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी त्या एकतीस रेघांकडे पहिल्यांदा नीट बघितलं. आतापर्यंत मी त्या मोजल्या होत्या. त्या कुठे आहेत हे पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं आकड्यांत काढलेल्या माणसाने ही चूक करावी याची मला आजही लाज वाटते.

एकतिसांपैकी सत्तावीस रेघा काकांच्या वाक्याच्या पहिल्याच शब्दावर होत्या, म्हणजे मुलीचं वाक्य संपल्यासंपल्या. एकदा सुरू झाले की ते अडत नव्हते. त्यांना सुरू कधी व्हायचं ते कळत नव्हतं. संहितेच्या समासात मी कोण कुठे उभं आहे तेही लिहून ठेवलेलं होतं. सत्तावीसपैकी पंचवीस वेळा मुलगी त्यांच्या डावीकडे होती, दोनदा पाठीमागे. ती उजवीकडे असताना अशी एकही रेघ नव्हती.

मग मला गाडी आठवली. गाडीत मी ड्रायव्हरच्या सीटवर उजवीकडे, ते शेजारी डावीकडे. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसलेल्या माणसाशी बोलणारा नेहमी त्याच्या उजवीकडे असतो. उजवी विंगही तशीच. मी वर्षभर त्यांच्या उजव्या कानाशी बोलत होतो.

पुढच्या मंगळवारी ते खिडकीपाशी उभे असताना मी त्यांच्या डाव्या बाजूला गेलो आणि रोजच्या आवाजात म्हणालो, “काका, चहा टाकू?” काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. उजवीकडे येऊन विचारलं.

“केव्हाची वाट बघतोय,” काका म्हणाले.

“काका, डावा कान कधीपासून गेलाय?”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे रागाने बघितलं. मग येऊन सोफ्यावर बसले. “चार वर्षं. हळूहळू. आता त्या बाजूला भिंतच आहे.”

“मग सांगितलं का नाही? मेमरी क्लिनिकला जायला तयार झालात, दारावर घंटा बांधून घेतलीत...”

“अकराशे प्रयोग,” ते म्हणाले. “तुझ्या हिशेबाने शेकडो. बहिरा मामा स्टेजवर आला की त्याने काही बोलायच्या आधी लोक हसायचे. दुसरा काय बोलतोय ते ऐकू येत नाही एवढाच विनोद, आणि तो मी तीस वर्षं विकला. विसरणाऱ्या माणसाशी लोक हळू बोलतात रे. बहिऱ्याशी ओरडतात, आणि ओरडून झालं की तोंड वळवून हसतात. कुठल्या सेकंदाला हसतात ते मला माहीत आहे.”

चहा झाला. मी म्हणालो की मला हे तिला सांगावं लागेल. त्यांनी मान हलवली. मग मी, नेहमीच्या खोडीने, पूर्ण हिशेब सांगितला. एकतीसपैकी सत्तावीस कानाच्या.

“आणि चार?”

“वाक्याच्या मध्येच थांबला होतात. त्यातल्या दोन स्वगतात. तिथे दुसरं कुणी बोलतच नव्हतं.”

ते कपाची कड अंगठ्याने पुसत राहिले. “त्या आहेत खऱ्या,” ते म्हणाले. “तेव्हा समोर काहीच नव्हतं. पांढरं. सत्तावीस घेऊन जा तिच्याकडे. चार सोड.”

मी कप विसळून ठेवले. घरी येऊन आधीच्या दोन प्रयोगांच्या रेघा पाहिल्या. मधल्या रेघा पहिल्या प्रयोगाला एक, वॉटफर्डला दोन, क्रॉयडनला चार. ही मात्र बरोबर दुप्पट होती. मी संहिता बंद करून ठेवली आणि दोन दिवस उघडली नाही.

सत्तावीस सांगितल्या तर काका सुटत होते. चार सांगितल्या तर सेन्सर, शेगडी, पास सगळं तिथेच राहणार होतं. आणि चार न सांगता मी तिच्यासमोर उभा राहिलो, तर पुन्हा कधी कुठला आकडा कुणाला देऊ शकेन असं मला वाटत नव्हतं. बायकोला सांगितलं.

“अरे, नव्वद मिनिटांत चार वेळा अडखळणं कोण मोजतं?”

“मी.”

“मग तिचे किती?”

“कुणाचे?”

“त्यांच्या मुलीचे. तिलाही शब्द देतोस ना? का ती देवीचा अवतार आहे?”

मुलीचे गोल मी प्रत्येक वेळी काढले होते आणि एकदाही मोजले नव्हते. क्रॉयडनला नऊ. त्यातले वाक्याच्या मध्ये सात.

शनिवारी सकाळी मी संहिता घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकांना तिथे बसवूनच सगळं सांगितलं. कानाचं ऐकून मुलगी उठून उभी राहिली. “चार वर्षं? बाबा, चार वर्षं मी डावीकडून तुमच्याशी बोलतेय आणि तुम्ही हं हं करताय?”

“निम्म्या वेळा तू काय म्हणतेस ते ठाऊकच असतं मला,” काका म्हणाले. “औषध घेतलं का. पाणी प्यायलात का. हं पुरतं.”

ती हसणार होती, पण मी अजून संहिता बंद केली नव्हती. मी मधल्या रेघा सांगितल्या. एक, दोन, चार. काकांनी डोळे मिटले.

“म्हणजे काहीतरी आहेच,” ती म्हणाली.

“असेल. मला त्यातलं कळत नाही. क्रॉयडनला तुझ्या सात होत्या.”

“माझ्या काय?”

“मधल्या खुणा. पान बारा, चौदा, एकोणीस...”

“माझं क्वार्टर एंड होतं त्या आठवड्यात! तीन रात्री झोप नव्हती मला!”

“माझंही शेवटचं क्वार्टरच चालू आहे, बाई,” काका म्हणाले.

 आमच्यापैकी कुणीच हसलं नाही. तिने माझ्या हातातून संहिता घेतली, तिचे गोल एकेक करून पाहिले, मग त्यांच्या रेघा. “क्लिनिकची तारीख मी रद्द करणार नाही,” ती म्हणाली. “कानाच्या तपासणीचीही तारीख घेते.”

“रद्द करू नकोस,” मी म्हणालो.

“आणि लायब्ररीत कार्यक्रम केला आणि ते थांबले, सगळ्यांसमोर, तर? तू जबाबदारी घेतोस?”

मी आयुष्यात कशाचीही हमी सहजासहजी देत नाही. या बाबतीत हातात तीन आकडे होते आणि ते विरुद्ध बाजूला जात होते. मी हो म्हणालो.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कुठे गेलो नाही. पुण्याला एका लग्नाला जायचं होतं, तिथे बायको एकटी गेली. रोज संध्याकाळी तालीम. मुलीने सगळ्या जागा बदलल्या, ती आता उजवीकडून येत होती. मला शिंक आली तरी धास्ती वाटायची, माझा आवाज बसला तर काय.

लायब्ररीत विंग नव्हती. परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली आडवी लावून तिच्यामागे मी स्टूलवर बसलो. साठ खुर्च्यांपैकी एकेचाळीस भरल्या होत्या. त्यातले बरेच मंडळाचे, काही गावातले गोरे म्हातारे-म्हाताऱ्या, ज्यांना एक शब्द कळणार नव्हता. मुलीचं वाक्य संपायचं आणि काका उचलायचे, कुठेही फट नाही. पस्तीस मिनिटं मी कागदावर बोट फिरवत फक्त ऐकत होतो. मग शेवटच्या स्वगतात ते थांबले. मी पहिला शब्द दिला. त्यांनी घेतला. अर्ध्या पानावर पुन्हा थांबले, पुन्हा दिला. शेवटच्या परिच्छेदात तिसऱ्यांदा थांबले. मी शब्द दिला तरी ते पुढे जाईनात. मी पुन्हा दिला. समोरच्या रांगेतल्या एक गोऱ्या बाई त्यांच्याकडे बघत अगदी स्थिर बसल्या होत्या. तो पॉज नाटकातलाच आहे असं त्यांना वाटलं असावं. मग काका बोलले, आणि संपवलं.

टाळ्या झाल्या, चहा मांडला गेला. मुलगी ट्रॉलीपाशी आली. “किती?”

“तीन.”

“चारच्या तीन झाल्या. म्हणजे चांगलं, ना?”

“क्रॉयडनला नव्वद मिनिटं होती,” मी म्हणालो. “ही चाळीस.”

तिने मनात भागाकार केला. तो तिच्या चेहऱ्यावर दिसला. काका हातात बिस्किट घेऊन आमच्याकडे आले, त्या गोऱ्या बाई मागून त्यांना काहीतरी सांगत होत्या आणि ते त्यांच्याकडे उजवा कान करून मान डोलावत होते. मुलीने पर्स उघडली, बराच वेळ आत शोधलं, आणि बसचा पास त्यांच्या हातावर ठेवला.

“सोमवारी पुस्तकं परत करायची आहेत ना तुम्हाला, बाबा?”

काकांनी पास उलटा-सुलटा करून बघितला आणि शर्टच्या खिशात टाकला. “सोमवारी बसला गर्दी असते,” ते माझ्याकडे बघत म्हणाले. “मंगळवारी जाईन.”